बारावीला ९० टक्के, पहिल्या टेस्टला २० पैकी ६: इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात नेमकं काय बदलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा बदलापूरचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला ९० टक्के, सीईटीत चांगला पर्सेंटाइल. चेंबूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. सकाळी सहाला घर सोडतो, रात्री आठला परततो. पहिल्या टेस्टला गणितात २० पैकी ६ आणि मेकॅनिक्समध्ये ५ मार्क पडलेत. वर्गातली मुलं सफाईने इंग्रजी बोलतात, काही जण कोडिंग आधीच शिकून आलेत. तो विचारतो, "मी चुकीच्या ठिकाणी आलोय का? वर्ष सोडून दुसरं काही बघू का?"

सोडू नकोस. मी मुंबईत बरीच वर्षं पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग मेकॅनिक्स शिकवते. पहिल्या टेस्टचे पेपर वाटले की तुझ्यासारखी मुलं-मुली केबिनच्या दाराशी येऊन उभी राहतात. त्यातल्या बहुतेकांची बुद्धी चांगलीच असते आणि कष्टही कमी नसतात. अडचण वेगळीच असते. ती नीट समजून घेतलीस तर पुढचे दोन महिने कशात घालवायचे ते तुझं तुलाच दिसेल.

गेली दोन वर्षं तू काय केलंस ते आठव. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. चार पर्याय समोर असतात आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे पर्याय घालून बघणं, दोन उडवून उरलेल्यांतला एक निवडणं, शॉर्टकट पाठ करणं या सगळ्यात हात बसतो. त्या परीक्षेसाठी ते बरोबरच होतं. पण या दोन वर्षांत एक गणित पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कोऱ्या कागदावर मांडायची सवय सुटते. 'इंटिग्रेटेड'वाल्या, म्हणजे क्लास आणि ज्युनियर कॉलेज एकत्र केलेल्या, मुलांची तर जास्तच सुटते, कारण त्यांचं ज्युनियर कॉलेज नावापुरतं असतं. इथल्या पेपरात पाच, सहा, आठ मार्कांचे प्रश्न येतात आणि मार्क पायऱ्यांना असतात. नुसतं उत्तर बरोबर आलं तर एखादा मार्क मिळतो.

दुसरी गोष्ट अकरावीची. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आणि बारावीला ८० टक्के. साहजिकच क्लासमध्ये अकरावी घाईत उरकतात, काही प्रकरणं तर फक्त सूत्रांच्या यादीपुरती होतात. आणि एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, सुरू कुठून होतं? कॉम्प्लेक्स नंबर, डी मॉयव्हरचं प्रमेय, हायपरबोलिक फंक्शन्स. या सगळ्याखाली अकरावीची त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम आहेत. माझे गणिताचे सहकारी सांगतात की पार्शल डिफरन्सिएशनमध्ये मुलं अडतात ती नव्या कल्पनेपाशी फार थोडी. जास्त जण साध्या चेन रूलपाशी किंवा लॉगच्या नियमापाशी अडतात. म्हणून आजच्या आज अकरावीच्या गणिताचा दुसरा भाग काढ. रद्दीत गेला असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते. त्यातलं कॉम्प्लेक्स नंबर हे प्रकरण उदाहरणांसकट हाताने सोडव. एक आठवडा लागेल. पहिल्या वर्षाच्या मुलाने अकरावीचं पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. मी स्वतः मुलांना ते वर्गात आणायला सांगते.

आता मेकॅनिक्स. हा माझा विषय, म्हणून इथे जरा थांबते.

एक शिडी घे. लांबी ५ मीटर, वजन २०० न्यूटन, वजन मधोमध. ती गुळगुळीत भिंतीला टेकलीय, जमीन खडबडीत आहे आणि शिडीचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर आहे. जमिनीवरचं घर्षण किती? हा प्रश्न दिला की अर्ध्या वर्गाचा हात आपोआप 'एफ बरोबर म्यू एन' लिहितो, म्हणजे घर्षण बरोबर घर्षणांक (म्यू) गुणिले जमिनीची उभी प्रतिक्रिया (एन). म्यू तर दिलेलाच नाही! तरीही लिहितात, कारण घर्षण म्हटलं की ते सूत्र अशी सवय लागलेली असते. ते सूत्र वस्तू घसरण्याच्या बेतात असते तेव्हाचं आहे. एरवी घर्षण तेवढंच असतं जेवढं तोल राखायला लागतं.

खरं काम सुरू होतं ते चित्रापासून. शिडी भिंतीपासून आणि जमिनीपासून मोकळी करून एकटी काढायची. मग जिथे जिथे काही तिला टेकत होतं तिथे बाण काढायचे. भिंत गुळगुळीत आहे, म्हणजे तिथे फक्त आडवा बाण. जमिनीपाशी एक उभा आणि एक आडवा. मधोमध वजन खाली. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, आणि पेपर तपासताना मी सगळ्यात आधी तेच बघते. चित्र बरोबर असेल तर पुढचं गणित सातवीतला मुलगाही करेल. उभ्या दिशेने जमिनीची प्रतिक्रिया २०० न्यूटन. पायाभोवती मोमेंट (बल गुणिले त्याचं लंब अंतर) घेतले तर भिंतीची प्रतिक्रिया गुणिले ४ बरोबर २०० गुणिले १.५, म्हणजे ७५ न्यूटन. आडव्या दिशेने घर्षणही तेवढंच, ७५ न्यूटन. शिडी घसरू नये यासाठी म्यू कमीत कमी ०.३७५ हवा. सूत्र सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही फक्त या शेवटच्या वाक्यासाठी.

आता हेच थोडं पुढे नेऊन तू एकट्याने कर. म्यू ०.४ आहे आणि ६०० न्यूटन वजनाचा माणूस शिडी चढतोय. पायापासून शिडीवर किती अंतर चढल्यावर ती घसरायला लागेल? उत्तर सुमारे २.७२ मीटर येतं. ते मुद्दाम आधीच सांगतेय, कारण तुला उत्तर शोधायचं नाहीये. चित्रात माणसाचा बाण कुठे काढायचा, आणि इथे 'म्यू एन' लिहिणं का चालतं, हे तुला कागदावर मांडता आलं पाहिजे.

वर्गात मी फळ्यावर गणित सोडवते तेव्हा सगळे माना हलवतात. तू लिहिलंयस, "वर्गात सगळं कळतं, पेपरात काही सुचत नाही." ही पहिल्या वर्षाची सगळ्यात मोठी फसगत. दुसऱ्याने केलेलं समजणं आणि आपल्याला येणं यात फार अंतर आहे, आणि ते फक्त हाताने लिहून कापलं जातं. यूट्यूबचे व्हिडिओही याला उपाय नाहीत. दीडपट वेगाने बघितलेल्या व्हिडिओतून अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, हात मात्र कोराच राहतो. सोडवलेलं उदाहरण एकदा वाच, वही मिट, कोऱ्या कागदावर स्वतः कर. अडलास तर फक्त ती एक ओळ बघ आणि पुन्हा मिट. तीन दिवसांनी तेच गणित परत कर. रोज गणिताची दोन आणि मेकॅनिक्सची दोन गणितं अशी झाली तर सेमिस्टर संपेपर्यंत पुरेसं होतं. मुलं माझ्याकडे ५०० गणितांचे संच मागायला येतात. मी त्यांना आधी फळ्यावर झालेली सगळी गणितं फळ्याकडे न बघता करायला सांगते.

हे करायचं कधी, हा तुझा खरा प्रश्न आहे. बदलापूरहून कुर्ला, तिथे पूल चढून हार्बर, मग चेंबूर, आणि संध्याकाळी तेच उलटं. रात्री आठला घरी पोचून जेवल्यावर कोणाचंही डोकं चालत नाही. 'रात्री दहा ते बारा अभ्यास' असं वेळापत्रक भिंतीला लावून ते रोज मोडायचं आणि रोज स्वतःला दोष द्यायचा, हे मी लांबून येणाऱ्या कितीतरी मुलांचं बघितलंय. माझं ठाम मत आहे की मुंबईत लांबून येणाऱ्या मुलाचा अभ्यास कॉलेजातच झाला पाहिजे, परतीची गाडी पकडण्याआधी. लेक्चर संपलं की थेट लायब्ररीत जायचं आणि दीड तास बसायचं. त्या दिवशी वर्गात झालेली गणितं, तेवढंच. मग निघायचं. घरी पोचायला उशीर होईल, पण घरी गेल्यावर डोक्यावर काही ओझं नसेल. जेवण, आईवडिलांशी दोन शब्द आणि झोप. सहाला घर सोडणाऱ्याने साडेदहाला झोपलंच पाहिजे.

गाडीत काय करावं? सकाळी बदलापूरला बसायला मिळालं तर केमिस्ट्री, फिजिक्सची थिअरी वाचून होते. उभं राहावं लागलं तर काही करू नकोस, गाणी ऐक, डोळे मिट. प्रत्येक मिनिट वसूल करायच्या नादात मुलं थकून जातात. पास काढताना कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घे आणि तिमाही पास काढ, म्हणजे दर महिन्याला फॉर्मसाठी रांगेत उभं राहावं लागणार नाही. ग्रुप स्टडी कॉलेजात रविवारी ठेवू नका. मेगाब्लॉकमध्ये अर्धा दिवस जातो.

कॉलेजजवळ खोली घ्यावी का, असंही तू विचारलंयस. परवडत असेल आणि जोडीला अभ्यास करणारी मुलं असतील तर प्रवासाचे रोजचे तीन तास वाचतात. पण पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावर घर सोडू नकोस. एका वेळी एकच मोठा बदल अंगी लावून घे. खोलीचा विचार दुसऱ्या सेमिस्टरनंतर. तोवर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलायस का ते बघ. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन योजनांच्या अटी स्वतः वाच. बहीण असेल आणि तीही इंजिनीअरिंगचा विचार करत असेल तर घरी हेही सांग: २०२४ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय.

ड्रॉइंगबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण नोव्हेंबरात लिहिशील, म्हणून आधीच सांगते. इंजिनीअरिंग ग्राफिक्सच्या शीट 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची पद्धत कॉलेजात तुला कोणीतरी शिकवेलच. काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि रेघा गिरवायच्या. शीट सबमिट होते. पण परीक्षेत काचही नसते आणि दिवाही. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात. म्हणजे वस्तू बघणाऱ्याच्या आणि पडद्याच्या मधे असते, समोरचं दृश्य एक्स-वाय रेषेच्या वर येतं आणि वरून दिसणारं खाली. हे पाठ करून डोक्यात राहत नाही. घरी बटाटा कापून पुस्तकातल्या चित्रासारखा आकार तयार कर, तो डोळ्यांसमोर धर आणि एकेका बाजूने बघून काढ. चार-पाच आकार असे केलेस की कागदावरची वस्तू मनात फिरायला लागते. तुझी शाखा कॉम्प्युटर असली तरी हा विषय पास व्हावाच लागतो आणि शेवटच्या रात्रीत तो होत नाही.

जर्नल आणि असाइनमेंटचंही तसंच. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी लायब्ररीत लिहून टाक आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घे. जी मुलं सबमिशनच्या आठवड्यात सगळी जर्नल्स एकदम छापत बसतात त्यांचे परीक्षेआधीचे सोन्यासारखे दिवस त्यातच जातात. ७५ टक्के हजेरीची अट आहे. डिफॉल्टर यादीत नाव आलं की पालकांना बोलावणं, अर्ज, सह्या यात वेळ जातो. प्रॉक्सीच्या, म्हणजे दुसऱ्याकडून आपली हजेरी लावून घ्यायच्या, भानगडीत पडू नकोस.

कोडिंगबद्दल तुला जास्त भीती वाटतेय असं दिसतं. पुढच्या बाकावरच्या मुलाला पायथन येतं, म्हणून तो तुझ्या पुढे आहे हे आज खरं आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत ते खरं राहीलच असं नाही. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना पहिले दोन महिने कागद-पेन्सिल सोडू नकोस. समजा १ ते ५ अंकांची बेरीज करणारा लूप आहे. कागदावर दोन रकाने कर, एकात 'आय', दुसऱ्यात 'सम', आणि कॉम्प्युटर जसा एकेक फेरी करेल तशी किंमत लिहीत जा. याला ड्राय रन म्हणतात. 'फॉर'च्या ओळीनंतर चुकून सेमीकोलन पडला तर लूप नुसता रिकामा फिरतो आणि बेरीज चुकते. ही चूक स्क्रीनकडे टक लावून सापडत नाही, रकाने भरताना सापडते. एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेणं आता सगळेच करतात. त्याला समजावायला सांग, चूक दाखवायला सांग, हरकत नाही. पण पहिल्या वर्षी प्रोग्रॅम स्वतः लिही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडम एक ओळ खोडून विचारतील, "ही नसती तर काय झालं असतं?" त्या प्रश्नाचं उत्तर ज्याने लिहिलंय त्यालाच देता येतं.

इंग्रजीचं मनाला फार लावून घेतलंयस. वर्गात शंका मराठीत विचार. मुंबईच्या कॉलेजांत बहुतेक शिक्षकांना मराठी कळतं, आणि ज्यांना बोलता येत नाही तेही प्रश्न समजून घेतात. शंका गिळून बसणाऱ्या मुलाचं जेवढं नुकसान होतं तेवढं मोडक्या इंग्रजीने कधी होत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. एखादी कल्पना आधी त्यात वाच, मित्राला मराठीत समजावून सांग आणि मग तीच तीन-चार छोट्या इंग्रजी वाक्यांत मोठ्याने म्हण. व्हायवाला एवढं पुरतं. अलंकारिक इंग्रजीला कोणी मार्क देत नाही. 'फोर्स', 'मोमेंट', 'इक्विलिब्रियम' हे शब्द बरोबर जागी आले की परीक्षकाला कळतं की मुलाला विषय कळलाय.

केटीची, म्हणजे नापास झालेला विषय मागे ठेवून पुढे जाण्याची, धास्ती घेऊ नकोस, पण ती हलकीही समजू नकोस. केटी लागली म्हणून कोणाचं आयुष्य संपत नाही. आज चांगल्या नोकरीत असलेल्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी केटी होती. मात्र गणिताची केटी वाईट, कारण पुढच्या सेमिस्टरची गणितं त्याच पायावर उभी असतात आणि मागचा पेपर पुढच्या पेपरांच्या दिवसांतच द्यावा लागतो. म्हणून वेळ कमी पडला तर आधी गणित वाचव. पुढच्या वर्षात जायला किती केटी चालतात हे सीनियरकडून ऐकू नकोस. स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असतात आणि अभ्यासक्रम बदलला की नियमही बदलतात. तुझ्या बॅचची नियमपुस्तिका ऑफिसात किंवा वेबसाइटवर असते, ती स्वतः वाच.

तू प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य लिहिलंयस, "रात्री झोप लागत नाही, घरी मार्क सांगितलेले नाहीत." मला या वाक्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आज घरी सांग. बाबांना सीईटीचा पर्सेंटाइल माहीत आहे, २० पैकी ६ चा अर्थ त्यांना कळणार नाही आणि ते कदाचित चिडतील. तरी सांग. लपवलेली गोष्ट रोज सोबत वागवावी लागते, आणि तुझ्याकडे तेवढी ताकद आत्ता शिल्लक नाही. कॉलेजात तुला एक मेंटॉर दिलेले असतात, नाव नोटीस बोर्डवर असतं. त्यांना भेट. पंधरा दिवसांनीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. कोणी सीनियर त्रास देत असेल तर तेही सहन करू नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

शाखा चुकली का, याचं उत्तर आत्ता कोणालाच देता येणार नाही. पहिल्या वर्षात तुझ्या शाखेचे विषय जवळजवळ नसतातच. गणित, फिजिक्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, बेसिक इलेक्ट्रिकल हे सगळ्यांना सारखंच. कॉम्प्युटर आवडतं की नाही हे डेटा स्ट्रक्चर्स शिकल्यावर कळेल. तोवर हा प्रश्न बाजूला ठेव.

सोमवारी एवढं कर. टेस्टचे दोन्ही पेपर घेऊन त्या त्या शिक्षकांकडे जा. मार्क वाढवा म्हणायला नको. "माझे मार्क कुठल्या पायरीवर गेले ते दाखवता का?" असं विचार. हा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला मी कधी परत पाठवलेलं नाही, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक शिक्षकही पाठवत नाहीत. प्रत्येक चुकीसमोर एक शब्द लिही: चित्र, सूत्र, आकडेमोड, वेळ. ज्या शब्दाची संख्या जास्त येईल तिथून सुरुवात कर, आणि त्याच संध्याकाळी लायब्ररीत बसून तो पेपर पहिल्यापासून परत सोडव.